पंकजम मामीचा शेवटचा भाग

“राणी तिंगडे, त्या तिथं, रडते, आणि हे मेलं यंत्र आम्हाला पडदा दाखवतं! पडद्याला कसलं दुःख जाहलं, कोण जाणे!”

प्रदर्शनातल्या टेलिव्हिजनच्या खोक्यापुढं उभी राहून गोदा हे चांगल्या खणखणीत आवाजात बोलली. बोलायला हरकतच नव्हती. मद्रासमध्ये मराठीत बोलायचं म्हणजे घरात दार लावून बोलल्यासारखं. भोवती शेकडो माणसं असली तरी कुणाला कळायची भीती नाही. तिची मावसबहीण अलमेलू तोंडाला पदर लावून खुसखुसू लागली, तसा गोदाला आणखीच चेव आला.

“आणि तो राजा बघ. निव्वळ खांब! मिशा आहेत म्हणून माणूस म्हणायचा.”

“त्या मिशाच सुटायला लागल्यात,” शेजारून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “म्हणून तो हलत नाही. आणि पडद्याचं म्हणाल, तर कॅमेऱ्याचं चाक अडकलंय. तेच सोडवायला निघालो होतो... पण तुमचं बोलणं ऐकून पाय निघेना.”

मराठी! आणि तेही तिच्या घरच्यासारखं तंजावरी नव्हे, थेट महाराष्ट्रातलं!

गोदानं मान वळवली. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात पेचकस खोचलेला एक तरुण तिच्याकडे बघत होता आणि हसू आवरायची शिकस्त करत होता. ते काही आवरत नव्हतं. अलमेलू मात्र एव्हाना गर्दीत साफ नाहीशी झाली होती.

“माफ करा हां,” गोदा कशीबशी म्हणाली. कानशिलं तापली होती तिची.

“माफी कसली? मग सांगा ना... काय दाखवायला हवं होतं?”

“राणीचा चेहरा. आणखी काय?”

“परवा दाखवला. लोक हसले.”

“कसाला हसले?”

“ती रडत नव्हती, रडल्याचा आवाज काढत होती. नाटकात लांबून खपतं ते. कॅमेरा जवळ गेला की चोरी पकडली जाते.”

हे गोदाला पटलं, आणि पटलं याचाच राग आला. वेस्ट मांबलमच्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची. दरवर्षी संमेलनाचं नाटक तीच बसवायची. इतक्यात हार मानणारी नव्हती ती.

“मग तिला रडवूच नका,” ती म्हणाली. “नवरा लढाईवर गेलाय ना? सांज जाहली. तिनं दिवा लावावा. वात सरळ करावी. पुन्हा सरळ करावी. वात सरळच आहे हो... पण ती दाराकडे बघायचं टाळते आहे. एवढंच.”

तो बघतच राहिला. वातीकडे बघावं तसा, टक लावून.

“चक्करम! रिसबूड, चक्करम!” आतून कुणीतरी ओरडलं.

“तुम्हाला शिव्या देतात?” गोदानं घाबरून विचारलं.

“मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. चाक मागतायत हो ते! तमिळमध्ये चाकाला चक्करम म्हणतात, हे मला इथं येऊन कळलं.” तो दोन पावलं गेला आणि परत फिरला. “मी उमाकांत रिसबूड. सांगलीचा. तुम्ही पाच मिनिटं थांबाल? प्लीज... जाऊ नका.”

गोदा थांबली. अलमेलूला शोधायचं म्हणून थांबले, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

*

१९६४ चा पोंगल नुकताच झाला होता, आणि तेनांपेटच्या मैदानावर मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. शिलाई यंत्रं, पंप, प्रेशर कुकर होतेच. पण सगळं मद्रास लोटत होतं ते टेलिव्हिजनच्या मांडवाकडे. मुंबईच्या एका रेडिओ कंपनीनं तो उभारला होता. एका काचेच्या खोलीत एकच कॅमेरा, झगझगीत दिवे आणि नट. आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, शेजारच्या मांडवात ओळीनं मांडलेल्या खोक्यांवर तेच त्याच क्षणी दिसणार! पहिल्या आठवड्यात लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात जांभया देऊ लागले. यंत्राचं नवल संपलं, आणि राजा-राणीत नवल असं काही नव्हतंच.

मांडवाचे व्यवस्थापक गुरुमूर्ती हे गोल, घामाघूम, सदा काळजीतले गृहस्थ होते. उमाकांतनं गोदाला त्यांच्यापुढे उभं केलं आणि तोडक्यामोडक्या तमिळमध्ये सांगितलं, “सर, कथा. ह्या लिहिणार.”

“मी कुठं म्हटलं?” गोदा मराठीत पुटपुटली.

“नाही कुठं म्हटलंत?” तोही तसाच पुटपुटला.

गुरुमूर्तींनी टॉवेलनं मान पुसत गोदाकडे बघितलं. दर शनिवारी नि रविवारी संध्याकाळी एक छोटा भाग. लोकांनी पुढच्या भागासाठी परत यायला हवं. आणि मिशा कुणालाही नकोत. एवढ्याच त्यांच्या अटी होत्या.

घरी गोदानं अप्पांना भीतभीतच विचारलं. सेतुमाधवराव रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कपाळावर गोपीचंदन, अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं मोजकं. गोदाची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून त्या घरात दोघंच. अप्पांनी ताकाचा भात संपवला, हात धुतले आणि मग म्हणाले,

“लिही की. आमचे दुसरे शहाजीराजे तंजावरी बसून नाटकं लिहीत. पण स्वतः तोंडास रंग लावून उभे राहिले नाहीत, ध्यानात ठेव.”

म्हणजे लिहायला हो, उभं राहायला नाही. गोदाला तेवढं पुष्कळ होतं.

*

तिनं पंकजम मामीची गोष्ट लिहिली. मद्रासकडे कुठल्याही पोक्त बाईला मामीच म्हणतात. मांबलमच्या एका लहानशा घरात राहणारी विधवा आई, आणि टेलिफोन ऑफिसात नोकरी करणारी तिची एकुलती एक मुलगी. मामीच्या कामासाठी गुरुमूर्तींनी नुंगंबाक्कमहून विशालाक्षी अम्माळना आणलं. एकेकाळी नाटक कंपन्या गाजवलेली बाई ती. आता पान खात, जगावर ताशेरे झोडत स्वस्थ बसलेली. मुलीचं काम अलमेलूनं उड्या मारत पत्करलं.

पहिला भाग सपाटून पडला. गोदानं पानंच्या पानं संवाद लिहिले होते, नि विशालाक्षी अम्माळनी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशा आवाजात म्हटले. त्यात त्या नेसल्या होत्या पांढरीशुभ्र साडी. पडद्यावर मामी दिसेचना, नुसता भगभगीत ढग इकडून तिकडे फिरत होता.

“काय वाटलं तुम्हाला?” गोदानं नंतर विचारलं. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

“मला तमिळ कुठं येतं?” उमाकांत म्हणाला. “पण एक सांगू? मधे मामी जमिनीवर बसल्या आणि गुडघा दुखला म्हणून हळूच त्यावर हात ठेवला त्यांनी... तेवढं मला समजलं. बाकी सगळा आवाज होता.”

“म्हणजे माझं लिहिणं आवाज?”

“रागावलात?”

“नाही.”

“नाकाचा शेंडा लाल जाहलाय,” तो तिचाच शब्द उचलून म्हणाला. आणि गोदाला राग धरून ठेवणं फार कठीण गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला कॅमेऱ्यामागं उभं केलं. “डोळा लावा. असा. दिसतं?” त्या चिमुकल्या चौकटीत अलमेलूचा हात होता, हातात पितळी लोटा. “आता, अलमेलूबाई, लोटा भरभर हलवा.” लोट्यामागून धुराचं शेपूट निघाल्यासारखं काहीतरी पसरलं. “बघितलंत? उजेडातली वस्तू झटकन हलली की हा कॅमेरा गडबडतो. म्हणून सगळं सावकाश करायचं. आणि सावकाश केलं की...”

“की हातात काय आहे ते कळतं,” गोदा चौकटीवरचा डोळा न काढता म्हणाली. “मनात काय आहे तेसुद्धा.”

गोदानं वर बघितलं. त्याचा चेहरा अगदी जवळ होता, आणि तिच्या वेणीतल्या मोगऱ्यानं बिचाऱ्याची पुरती पंचाईत केलेली दिसत होती.

“दिवा,” तो घाईनं म्हणाला, “दिवा बघतो मी जरा.” आणि जिथे दिवा नव्हता त्या दिशेला निघून गेला.

पुढच्या भागात गोदानं संवाद अर्धे केले. मुलीला यायला उशीर झाला आहे, आणि मामी कॉफी करते. बस्स. मामीला फिक्या निळ्या साडीत बसवलं; उमाकांतनं दिव्यापुढे वेताच्या काड्यांचा पडदा टांगला, म्हणून भिंतीवर उन्हाच्या तिरप्या पट्ट्या पडल्या. फाटक वाजतं, मामी मान वर करते. शेजाऱ्याचं असतं. पुन्हा वाजतं. आता मामी मान वर करत नाही, फक्त तिचा हात थांबतो. कॅमेरा सावकाश, अगदी सावकाश, त्या हातावरून तिच्या कानाकडे गेला. कानातली कुडी हलत होती. मामी ऐकत होती.

शेजारच्या मांडवात मूलसुद्धा रडलं नाही म्हणे. भाग संपल्यावर एक म्हातारी थेट काचेच्या खोलीत घुसली नि विशालाक्षी अम्माळना दटावू लागली, “मुलीला एवढ्या उशिराच्या ड्यूटीला पाठवायचं नाही, सांगून ठेवते!” विशालाक्षी अम्माळनी पान थुंकायचंसुद्धा विसरून तिच्यापुढे हात जोडले.

“ही माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी टाळी,” त्या नंतर गोदाला म्हणाल्या. मग उमाकांतकडे हनुवटीनं दाखवत, “हा पोरगा आंधळा नाही. कुठं बघायचं ते त्याला कळतं. आजकाल तुझ्याकडे जास्त बघतो, हेही मला दिसतं.”

“अम्मा!”

“अम्मा काय? मी म्हातारी झाले, आंधळी मीही नाही.”

*

मग शनिवार-रविवार म्हणजे सण झाले. लोक फराळाचे डबे घेऊन मांडवात येत. पंकजम मामीच्या मुलीला कलकत्त्याचं स्थळ सांगून आलं, तेव्हा बसथांब्यांवर वाद झाले, द्यावी की देऊ नये. आणि तालमी संपल्यावर, तिन्हीसांजेला, गोदा नि उमाकांत एका पुडीतलं हरभऱ्याचं सुंडल खात भांडत बसत.

“माणसाला रडू का येतं सांगू?” तो म्हणे. “उजेडामुळे. मामीच्या अर्ध्या चेहऱ्यावर सावली पाडली नसती तर कुणी रडलं नसतं.”

“काहीतरीच! सावलीस पाहून कोण रडतं? माणसं रडतात ती मुलीस पाहून.”

“पण मुलगी दाखवली कुणी?”

“आणि लिहिली कुणी?”

असं भांडण संपू नये असं दोघांनाही वाटे. म्हणून ते संपत नसे.

एका संध्याकाळी, पोंगलनंतर यायचा नाही तो पाऊस अचानक आला. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की तालीम थांबवावी लागली. दोघं मांडवाच्या वळचणीला उभे राहिले. समोर पंपांच्या दुकानावरची दिव्यांची माळ पाण्यात थरथरत होती. गोदानं हात बाहेर काढला. पागोळ्यांचं पाणी तळव्यावर झेललं.

“मला दिल्लीला बोलावणं आलंय,” उमाकांत एकदम म्हणाला. “तिथल्या टेलिव्हिजन केंद्रात. प्रदर्शन संपलं की त्याच आठवड्यात निघायचं.”

तळव्यातलं पाणी सांडलं.

“बरं जाहलं की,” गोदा म्हणाली. “चांगली बातमी आहे.”

“हो. चांगलीच आहे.”

“मग तोंड असं कसाला?”

“तुमचंही तसंच आहे...”

पावसानं पुढचं ऐकू दिलं नाही. की पुढं काही नव्हतंच? गोदाला रात्रभर ते ठरवता आलं नाही. पण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं की तो विचारणार नाही. अप्पांना दुसरं कुणी नाही, हे तिनंच त्याला हजारदा सांगितलं होतं.

*

शेवटचा भाग लिहायला बसली तेव्हा पंचाईत झाली. मुलगी लग्न होऊन कलकत्त्याला निघते. आई तिला निरोप देते. गोदानं मामीच्या तोंडी लांबलचक बोलणं घातलं. आठवणी, उपदेश, आशीर्वाद, सगळं. लिहिताना तिला स्वतःलाच हुंदका आला. ते तिनं मोठ्या उमेदीनं उमाकांतला मराठीत वाचून दाखवलं.

तो बराच वेळ पेचकस बोटांत फिरवत राहिला.

“छान आहे. पण... हे सगळं मामी बोलणार नाही.”

“का?”

“तुम्हाला इथं गप्प राहायची भीती वाटते आहे गोदाबाई. म्हणून तुम्ही तिला बोलायला लावता आहात.”

नेमकं वर्मावर बसलं ते. गोदा ताडकन उठली. “तुम्हाला काय कळतं? भाषा तुम्हाला येत नाही, आणि आई-बापांस टाकून चारी दिशा हिंडताना तुम्हाला काही वाटलंही नसेल!”

उमाकांतचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही.

“मी सांगलीहून निघालो तेव्हा आई एक शब्द बोलली नाही,” तो म्हणाला. “माझ्या वळकटीचा पट्टा आवळत बसली होती. आवळलेलाच होता तो. टांगा आला तरी आवळतच होती... मला आजही तिचं बोलणं नाही आठवत. तो पट्टा आठवतो.”

गोदा तशीच निघून आली. ‘चुकले’ एवढं म्हणायला हवं होतं. तेही तिनं म्हटलं नाही.

सकाळी ती शाळेला निघाली, तसे अप्पाही भाजीची पिशवी घेऊन निघाले, रोजच्यासारखे. “मला बाजारास जायचंच आहे,” म्हणाले, रोजच्यासारखेच. शाळेच्या फाटकाशी ती आत वळली. आणि आज, का कोण जाणे, वर्गात न जाता फाटकाआडून बघत राहिली. अप्पा थोडा वेळ तिथंच थांबले. मग माघारी फिरले, घराच्या दिशेनं. बाजार दुसरीकडे होता. पिशवी रिकामीच होती.

किती वर्षं? ती शाळेत शिकत होती तेव्हापासून, कॉलेजात होती तेव्हाही, आता शिकवते आहे तरीही. मागे वळून तिनं कधी बघितलंच नव्हतं.

गोदा फाटकाला धरून उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडली. मग दुपारच्या सुट्टीत तिनं मामीचं सगळं भाषण खोडून टाकलं. एकच वाक्य ठेवलं.

*

शेवटच्या भागाच्या दिवशी अलमेलू आली ती रडवेल्या तोंडानं. “आजच मला बघायला लोक येताहेत गोदे! तंजावरहून! आईनं सांगिटलं, गेलीस तर तंगडी मोडीन.” आणि तिच्यासाठी दारात थांबलेला जटका, मद्रासचा टांगा, तिला घेऊन निघूनही गेला.

गुरुमूर्ती टॉवेल डोक्यावर घेऊन खाली बसले. शेजारचा मांडव खचाखच भरला होता. लोक बाहेर उभे होते.

“ही आहे की,” विशालाक्षी अम्माळ म्हणाल्या, आणि त्यांनी गोदाचं मनगट धरलं. “शब्द हिचे, चाल हिची. दुसरी मुलगी शोधायला कुठं जायचं?”

“अप्पा...” गोदा म्हणाली.

“अप्पांना मी सांगीन. मला राजे-महाराजे घाबरत असत.”

रंग लावून, फिकी पोपटी साडी नेसून गोदा दिव्यांच्या झोतात उभी राहिली तेव्हा तिला समोरचं काही दिसेना. फक्त कॅमेऱ्याचं काळं भिंग, आणि त्यामागं बाह्या दुमडलेला एक आकार.

“त्या दिवशी मी...” ती हळूच म्हणाली.

“माहीत आहे,” तो आकार म्हणाला. “खोडलेलं बघितलं मी. बोलू नका आता. आणि दाराशी पोचलात की एकदा मागे वळून बघा. भिंगाकडे. समजा, तिथं मामी उभी आहे.”

दिवा लागला.

मामीनं मुलीच्या डब्याचं झाकण लावलं. उघडून एक लाडू आणखी ठेवला, पुन्हा लावलं. सावकाश. मुलगी वाकून पाया पडली. मामीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला तो उचलेचना. बाहेर गाडी वाजली. आणि मामीनं खुंटीवरची भाजीची पिशवी काढली.

“चल,” ती म्हणाली. “मला बाजारास जायचंच आहे.”

बस, एवढंच वाक्य. उंबऱ्यापर्यंत दोघी आल्या. मामी तिथं थांबली. मुलगी पुढे गेली, दाराशी पोचली आणि वळली.

समजा तिथं मामी उभी आहे, असं तो म्हणाला होता. गोदाला काही केल्या तसं समजता येईना. भिंगामागं तो उभा होता. चार दिवसांनी तो तिथं नसणार होता, कुठंच नसणार होता. हे तिच्या चेहऱ्यावर आलं. लपवायला शब्दही हाताशी नव्हते. तिनं बघितलं — नुसतं बघितलं — आणि कॅमेरा, कधी न हलणारा तो जड कॅमेरा, किंचित थरथरला.

मग मामीच्या हातातली रिकामी पिशवी दिसली. आणि अंधार.

शेजारच्या मांडवात कुणीतरी नाक शिंकरलं, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काचेची खोली हादरली. गुरुमूर्ती टॉवेलमध्ये तोंड खुपसून हमसत होते. गोदा मात्र दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघत थिजली होती.

बंद गळ्याचा कोट. कपाळावर गोपीचंदन. अप्पा.

“प्रत्येक भागास येत होतो मी,” सेतुमाधवराव म्हणाले. “मागल्या बाकावर बसत होतो. लेक काय लिहिते ते बापानं पाहू नये की काय?” आवाज ओला होता त्यांचा. “तर तू पाहिलंस. ती पिशवी.”

“अप्पा, मी तोंडास रंग...”

“तो राहू दे.” ते उमाकांतकडे वळले. “तुम्ही सांगा. शेवटास ती कुणाकडे पाहत होती?”

“कॅमेऱ्याकडे,” उमाकांत म्हणाला. घाम फुटला होता त्याला.

“कॅमेऱ्यामागं कोण होता?”

“...मी.”

“आणि कॅमेरा हलला. भूकंप तर जाहला नाही.” अप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “सरी, बरं तर. उद्या घरी जेवायला या. तिखट खाता ना?”

विशालाक्षी अम्माळनी समाधानानं नवं पान लावायला घेतलं.

*

जेवण छान झालं. म्हणजे उमाकांतच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं सांबार दोनदा मागून घेतलं. अप्पा दिल्लीतल्या थंडीची चौकशी करत राहिले, मग सांगलीच्या घराची, मग पगाराखेरीज बाकी सगळ्याची. शेवटी म्हणाले, “रेल्वेचा पास आहे मला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेसनं मी इतक्यांदा दिल्लीस येईन, की तुम्हीच म्हणाल, म्हातारा घरी बसेल तर बरं.” आणि पानाचं तबक आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

गोदा त्याला पोचवायला मांबलम स्टेशनापर्यंत गेली. ऊन उतरलं होतं. फुलवाल्या सांजेची फुलं ओवत बसल्या होत्या. नुंगंबाक्कमकडे जाणारी गाडी आली. उमाकांत बाकावरून उठला नाही.

“तुमची गाडी,” गोदा म्हणाली.

“दुसरी येईल.”

ती गेली. दुसरी आली. तीही गेली.

“अप्पांनी सगळं ठरवूनच टाकलं,” तो म्हणाला. “पण मी तुम्हाला अजून विचारलेलंच नाही. अप्पांना तुमच्याशिवाय कुणी नाही, म्हणून धीर होत नव्हता. आणि...”

“विचारायचं काम तुमचं. उत्तर देणं माझं. माझं काम तुम्ही कसाला करता?”

तो हसला. मग हसू गेलं, आणि तिच्याकडे बघत तो अगदी हळू म्हणाला, “गोदा... येशील माझ्याबरोबर?”

पहिल्यांदाच ‘गोदा’. पहिल्यांदाच ‘येशील’. गोदानं रुळांकडे बघितलं, फुलवालीकडे बघितलं, आणि मग कुठंच बघायचं उरलं नाही म्हणून त्याच्याकडे.

“येईन,” ती म्हणाली. “मला फार आवडता तुम्ही. पावसात सांगणार होते, पण तुम्ही दिल्ली मधे आणलीत.”

त्यानं बाकावर हात पुढे केला. तिनं तो धरला, भर फलाटावर, भर उजेडात. नेमक्या त्याच वेळी समोरच्या पुलावरून वादिराज मामी उतरत होत्या. गोदाच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या. त्यांना एखादी गोष्ट कळली की सगळ्या मांबलमला कळत असे. मामी पायरीवर थबकल्या, डोळे बारीक केले, पुन्हा मोठे केले. गोदानं त्यांना बघितलं. उमाकांतनंही बघितलं.

“नमस्कार, मामी!” गोदा मोठ्यानं म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही.